काळ्या शिडाचं गलबत

मी एक जुनी तसबीर आहे. मित्रांनो, माझं तोंड सध्या भिंतीकडे आहे, त्यामुळे माझ्या पाठीकडे बघतच तुम्हाला ही कहाणी ऐकावी लागेल. थळच्या एका कोळ्याच्या घरात, सुकटीच्या टोपल्यांमागे, मला उभं करून ठेवलं आहे.

विलायतेतल्या एका चित्रकाराने मला रंगवलं. माझी गोष्ट ग्रीस देशातली, फार जुनी. एजियस राजाचा मुलगा थीसियस बैलाच्या तोंडाच्या राक्षसाला मारायला समुद्रापार निघाला. निघताना बापलेकांचं ठरलं, की मुलगा जगला तर गलबतावर पांढरं शीड, मेला तर काळं. मुलाने राक्षस मारला, पण आनंदाच्या भरात शीड बदलायचंच विसरला. बापाने कड्यावरून काळं शीड पाहिलं आणि समुद्रात उडी घेतली.

त्या उडीच्या आधीचा क्षण माझ्या अंगावर आहे. कड्यावर म्हातारा, दूर समुद्रात काळ्या शिडाचं गलबत, आणि शिडाखाली बोटाच्या पेराएवढा एक हसरा मुलगा. पांढरं शीड त्याच्या पायाशी घडी घातलेलंच पडलं आहे. माझा सगळा जीव त्या मुलात आहे. तो ज्याला दिसला नाही, त्याला मी कळलेच नाही.

आणि कळले मी कुणालाच नाही. मांडव्याला साहेबाच्या बंगल्यात पाहुणे माझ्या सोनेरी चौकटीची वाहवा करायचे आणि जेवायला बसायचे. माझ्यासमोर थांबायची ती एकटी सोनूबाई. थळची ही विधवा कोळीण बंगल्यात झाडलोट करायची. सत्तेचाळीस साली साहेब देश सोडून निघाला, तेव्हा मडमेने मला तिच्या हवाली केलं. चौकट तेवढी काढून घेतली. सोनूबाईचा एकुलता एक मुलगा तुळशीराम गलबतावर खलाशी होता. त्याने मोडक्या होडीच्या फळ्या ठोकून मला नवी चौकट केली.

गोष्ट कुणी सांगितली नव्हती, तरी सोनूबाई म्हणायची, हा म्हातारा पोराची वाट बघतोय. तिची सून नलू माझ्या राजाला सासूबाईंचा व्याही म्हणून हसायची आणि सणासुदीला मला फडक्याने पुसायची. मित्रांनो, तेवढे दिवस मी सुखात होते.

मग एकदा तुळशीराम सुकी मासळी घेऊन वेरावळकडे गेला आणि त्याचं गलबत वादळात सापडलं. जोडीचं गलबत परतलं ते बावटा उतरवून. बावटा उतरवून, म्हणजे माणूस गमावून, आलेल्या गलबताला आमच्या गावात कुणी काही विचारत नाही. सोनूबाईने मात्र विचारलं. त्याला बुडताना कुणी डोळ्यांनी पाहिलं का? कुणीच पाहिलं नव्हतं. तेवढ्यावर ती अडून बसली.

तिने माझ्याखाली फळी ठोकली आणि रोज तिन्हीसांजेला तीवर रॉकेलची चिमणी लावू लागली. वाट बघणाऱ्याला अंधारात कशाला ठेवायचं, म्हणायची. सण बंद झाले, नलूचं पुसणंही राहिलं. चिमणीची काजळी वर चढत गेली. आधी समुद्र काळा झाला, मग गलबत. शेवटी शिडाखालचा मुलगा दिसेनासा झाला. तिच्या मुलासाठी लावलेल्या दिव्याने माझ्या मुलाला गिळलं, आणि मला ओरडताही येत नव्हतं.

वर्षं गेली. गाव म्हणू लागलं, नलू तरणी आहे, दर्भाचा पुतळा कर, त्याला अग्नी दे, पोरीचा पाट लावून तिचं दुसरं लग्न करून दे. नलू नुसती हातातल्या बांगड्या फिरवत बसायची. सोनूबाई ऐकेना, तेव्हा समजूत घालायला गावाने काळूराम मास्तरांना पाठवलं. मास्तरांची नजर माझ्यावर, कड्यावरच्या म्हाताऱ्यावर आणि काळ्या शिडावर गेली. ही गोष्ट त्यांनी वाचलेली होती. सोनूबाईने ती सांगायला लावली, आणि सांगत सांगत ते काळ्या शिडापर्यंत आले.

"कालं शीड म्हंजे पोर गेला?" तिने विचारलं.

"तसंच ठरलं होतं," मास्तर म्हणाले, "पण पुढे..." आणि मुलगा दाखवायला त्यांनी बोट उचललं. तिथे नुसती काजळी होती. बोट हवेतच राहिलं.

"पुरं, मास्तर. मना समाजला. येवरी वर्सा ह्यो म्हातारा मना त्याच सांगत व्हता."

इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा रडली. मास्तर भले गृहस्थ. रडणाऱ्या बाईला थांबवून गोष्ट पुरी करणं त्यांच्याच्याने झालं नाही. गावाचं काम तर झालंच होतं.

पुतळा जळला. नलूच्या बांगड्या फुटल्या. पुढे तिचा पाट रेवदंड्याच्या एका नाखव्याशी लागला. सोनूबाईनेच तो लावून दिला, आणि पोटची लेक सासरी जावी तशी ती रडली. त्या दिवसापासून चिमणी लागली नाही.

तुळशीराम आला तो भरदुपारी. वादळात त्याला कराचीच्या गलबताने उचललं होतं, आणि दोन देशांच्या भांडणात तो तिकडच्या तुरुंगात खितपत पडला होता. दारातून त्याने आधी आईला हाक मारली, मग नलूला. दुसऱ्या हाकेला घरातून ओ आली नाही.

सोनूबाईने त्याला सगळं सांगितलं. त्याने दोष दिला नाही. मी मेलो असं कोण म्हणालं, एवढंच विचारलं. तिने माझ्याकडे बोट केलं. तो जवळ आला आणि खांद्यावरचं ओलं फडकं माझ्यावरून फिरवू लागला. काजळी निघत गेली, आणि शिडाखालून तो पेराएवढा मुलगा हसत वर आला.

सोनूबाई उठून अगदी जवळ आली. तिने त्या हसऱ्या मुलावर बोट ठेवलं.

"ह्यो पोर कवापासून हितं हाय?"

मित्रांनो, तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

तुळशीराम पुन्हा गलबतावर गेला. रेवदंड्याच्या बंदराला तो कधी उतरला नाही. सोनूबाईने मला आपल्या हाताने उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. रागाने नव्हे. त्या हसऱ्या पोराकडे तिला बघवेना.

माझं मागणं मोठं नाही. घरात जुनी तसबीर असेल तर अधूनमधून पुसत जा, आणि कुणी गोष्ट सांगायला बसलं तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. माझा मुलगा इथे भिंतीकडे बघून अजून हसतो आहे. शीड बदलायचं राहिलं, हे त्याला अजून ठाऊक नाही.