स्टुलाचे पुढचे पाय

आमच्या जुन्या टपाल कचेरीचं संग्रहालय झालं त्याला बारा वर्षं झाली, आणि तितकीच वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्यांना ती दाखवतोय. भाषण तोंडपाठ आहे. बायको म्हणते, "घरी पाहुणे आले तरी तुम्ही 'दोरीच्या आत जाऊ नका' म्हणाल."

सॉर्टिंगची खोली माझी सगळ्यांत लाडकी. भिंतभर लाकडी खण, त्यांत गावागावाची पत्रं टाकायची, आणि समोर सहा उंच स्टुलं. पण लोक तिथं थांबायचेच नाहीत. आत यायचे, मान डोलवायचे, चालू पडायचे. शेवटी आमच्या प्रमुख मॅडमनी सांगून टाकलं, "आठवडाभर मी घड्याळ लावून कोपऱ्यात बसते. लोक रमले तर ठीक, नाहीतर खोली बंद. मग तुम्ही बाहेर लोकांच्या पिशव्या सांभाळायच्या काउंटरवर बसा."

मी घसा फोडून बोललो. पाच दिवसांत एकही माणूस मिनिटभर टिकला नाही. मला त्या लोकांचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या दिवशी एक आजी नातीचा हात धरून आल्या. मी म्हणत होतो, "ही मजबूत, सरळ बांधणीची स्टुलं पाहा..." तोवर आजी दोरीखालून वाकून आत शिरल्या आणि स्टुलावर बसल्याही. लगेच उठल्या.

"हे आमचं नव्हे."

"आजी, अस्सल आहे. आणि आधी बाहेर या बघू."

"एकतीस वर्षं बसले मी यावर. पुढचे पाय दोन बोटं कमी होते. आम्हीच कापून घेतले होते. पुढं कलून बसलं की वरच्या खणाला हात पोचायचा, पाठ धरायची नाही. कुणी बिघडवलं रे हे?"

बिघडवणारा मीच. आठ वर्षांपूर्वी सहाही स्टुलं पुढं कललेली पाहून मी ठरवलं, फरशी धुऊन धुऊन पाय कुजले असणार. सुताराला गाठून खालून लाकडाचे तुकडे स्क्रूनं बसवून घेतले, वर तेव्हाच्या प्रमुखांची शाबासकी मिळवली. कुजायचे तर पुढचेच पाय कसे कुजले, हा प्रश्न आठ वर्षांत माझ्या डोक्याला शिवला नाही.

मॅडम ऐकत होत्या. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

"मीच, आजी," मी म्हटलं. "चुकलो."

कपाटातून स्क्रूड्रायव्हर आणला, सगळ्यांसमोर स्टूल आडवं केलं. मॅडमनी अडवलं नाही. तुकडे सुटले. आजी बसल्या, पुढं कलल्या आणि एकदम तरण्या दिसायला लागल्या. शेजारी मांडून ठेवलेला पाकिटांचा गठ्ठा नातीनं त्यांच्या हातात दिला. पाकिटं सपासप खणांत जायला लागली. लोक दाराशी गोळा झाले.

"आजी, चुकून दुसऱ्याच खणात गेलं तर?" कुणीतरी विचारलं.

"मग एकाचं रुसणं दुसऱ्याच्या घरी!"

खोली हसली. मग जो तो बसून बघायला लागला, आजी त्यांचे खांदे धरून पुढं कलवायला लागल्या. मॅडमनी घड्याळ कधी खिशात टाकलं, मी पाहिलं नाही. माझा नंबर आला तेव्हा मीही बसलो. बारा वर्षांत पहिल्यांदा.

खोली राहिली. पाच स्टुलं मी पूर्ववत केली. सहावं माझ्या तुकड्यांसकट ठेवलंय. हल्ली भाषणाची सुरुवात त्याच्यापासूनच करतो, आणि लोक थांबतात.

त्या दिवशी आजींना दारापर्यंत सोडायला गेलो. कुठल्या तोंडानं आभार मानावेत कळेना. "माफ करा, तुमची जागा मी बिघडवली," एवढंच म्हणालो.

"बिघडवलीस खरी," आजी म्हणाल्या, "पण फेकून नाही दिलीस बाबा. आम्ही सहाजणी होतो. आता मी एकटीच उरलेय. आज सगळ्यांच्या जागा पाहून घेतल्या."