पुठ्ठ्याची चकती आणि शेवटचे तीन कागद

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. बुटाच्या खोक्यातून कापलेला बरणीच्या झाकणाएवढा गोल पुठ्ठा आणि त्याला डकवलेली वीतभर तार, एवढाच माझा जीव. पण एके काळी अर्ध्या गावाचे चेहरे मी उजळले आहेत, आणि हे सांगताना मी मुळीच लाजणार नाही.

माझे मालक फोटोवाले. घरामागच्या डार्करूममध्ये लाल दिव्यात ते फोटो छापत. तिथला कारभार उलटा. कागदावर जितका जास्त उजेड पडेल, तितका तो काळा होतो. म्हणून एखाद्याचा चेहरा काळवंडेल असं वाटलं, की मालक मला छपाईच्या पांढऱ्या दिव्याच्या आणि कागदाच्या मध्ये धरत. माझी सावली पडे आणि चेहरा उजळून निघे. पथ्य एकच, मला सतत हलवत राहायचं. थांबवलं, की माझी गोल कडा कागदावर उमटलीच. "काय सुरेख आलाय हो!" लोक म्हणत. कौतुक मालकांचं होई, पण निम्मं मी गुपचूप ठेवून घेई.

पुढे फोनमध्ये कॅमेरे आले आणि गिऱ्हाईक आटलं. तेही मालकांनी सोसलं. पण मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. चहा सांडू नये म्हणून मालकीणबाई त्यांना अर्धाच कप देऊ लागल्या. एकदा फोटो धुण्याच्या औषधाने भरलेला ट्रे हातातून सुटला. त्याच दिवशी त्यांनी मला खणात टाकलं आणि खोलीला कडी घातली. सहा वर्षं मी एका गंजक्या कात्रीशेजारी पडून होते. कात्री अगदीच अबोल. मला फार एकटं वाटे.

एका दुपारी कडी वाजली. मालकांची लेक त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. तिने फोनवर आईचा फोटो काढला होता. खिडकीला पाठ करून मालकीणबाई मनापासून हसत होत्या. "माझा नको बाई," म्हणून त्या जन्मभर कॅमेऱ्यापासून पळाल्या. त्यामुळे फोटोवाल्याच्याच घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

"बाबा, हा तुमच्या पद्धतीने छापू या."

"फोनमधल्या फोटोची निगेटिव्ह कुठून आणणार?"

"आणलीय." तिने कंप्युटरवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून तो फोटो पारदर्शक प्लास्टिकवर छापून आणला होता. ते प्लास्टिक फोटोच्या कागदावर ठेवायचं, वर काच आणि वरून उजेड.

मालकांनी जपून ठेवलेलं पाकीट काढलं. तीनच कागद उरले होते. तसा कागद आता बनत नाही.

"तूच छाप. माझा हात आता कामाचा नाही," म्हणत ते हात खिशात घालून स्टुलावर बसले.

पहिल्या कागदावर खिडकी छान आली, पण मालकीणबाईंचा चेहरा काळाठिक्कर.

"कंप्युटरवर उजळून पाहिला, तर तोंडभर ठिपके उठतात," लेक म्हणाली.

"मग खणातली चकती घे. हलवत राहा."

अखेर मी बाहेर आले! पण बिचारीने मला श्वास रोखून इतकं घट्ट धरलं, की दुसऱ्या कागदावर आईच्या चेहऱ्याभोवती पांढरं कडं उमटलं.

"हलव म्हणालो होतो ना!"

"भीतीने हात आखडला हो, बाबा." तिने मला त्यांच्यापुढे धरलं. "आता तुम्ही घ्या."

"अगं, माझा हात बघितलायस ना?"

"बघितला. म्हणूनच देतेय."

लेकीने शेवटचा कागद प्लास्टिकखाली ठेवला. मालकांचा हात खिशातून बाहेर आला. बोटं कापत होती, तार कापत होती आणि तिच्याबरोबर मीही. दिवा लागला. लेक आकडे मोजू लागली. मी मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर थरथरत राहिले, एक क्षणही थांबले नाही.

कागद ट्रेमध्ये गेला. आधी खिडकी आली, मग कपाळ, मग पुढचे दोन दात आणि सगळं हसू. कडं कुठेच नव्हतं. मालक फोटोकडे पाहत राहिले, मग आपल्या हाताकडे. तो त्यांनी परत खिशात घातला नाही.

"इश्श, दात किती दिसतायत माझे!" ओला फोटो पाहून मालकीणबाई म्हणाल्या. "कुणी छापला?"

"बाबांनी."

 मालकीणबाई आत जाऊन चहा घेऊन आल्या. कप काठोकाठ भरलेला होता. थोडा बशीत सांडला, तो मालक बशीतूनच प्यायले.

मित्रांनो, थरथरणाऱ्या हाताला "तुम्ही बसा" म्हणण्याआधी एकदा काम देऊन पाहा. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल, तर तिला खणात कोंडू नका. खिळ्याला टांगा, त्या हाताला सहज लागेल अशी.