मधला तुकडा

जनावरांच्या दवाखान्यातल्या तपासणी विभागात त्यांना सगळे काचवाल्या काकू म्हणत. जनावराच्या अंगाचा तुकडा आला की तो मेणात बसवायचा, यंत्रावर केसाहून बारीक काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे काम त्या एकोणतीस वर्षं करत होत्या. निदान लिहायचे विभागप्रमुख डॉक्टर, म्हणजे सर. काकूंनी काच द्यावी आणि गप्प बसावं, अशी रीत होती. यातली पहिली गोष्ट त्या चोख करत. दुसरी त्यांना कधीच नीट जमली नाही.

त्या सोमवारी एका बरणीतून शर्यतीच्या घोडीच्या पुढच्या पायाची कंडरा आली. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. घोडा धावताना ती ताणली जाते, आणि सुटताना स्प्रिंगसारखी आखडून पाय पुढे फेकते. शेवटच्या वळणावर ती तुटली, घोडी कोसळली आणि तिथेच तिला सुई देऊन कायमचं झोपवावं लागलं. पाठीवरच्या स्वाराचं खांद्याचं हाड मोडलं, वर ठपकाही त्याच्यावरच आला. दमलेल्या घोडीला चाबूक मारून त्याने पळवलं म्हणे. त्याचा परवाना काढून घेतला होता आणि चौकशी बसली होती.

"बाई, तुटलेल्या टोकाचे काप पुरेत," सर म्हणाले. "मधल्या भागाचे नकोत."

"मधला भाग बरणीत आलाय, सर."

"असू दे. जखम ताजी आहे का, एवढंच विचारलंय त्यांनी."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

सर चष्मा पुसत राहिले. घोडीच्या मालकाने विभागाला नवं यंत्र द्यायचं कबूल केलं होतं, हे फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं.

आलेला सगळा नमुना तपासायचा, असा विभागाचा छापील नियम भिंतीवर टांगलेला होता. काकूंनी टोकाचे चार काप काढले आणि मधल्या तुकड्याचे दोन. रंग वाळल्यावर मायक्रोस्कोपखाली धरले आणि मधल्या तुकड्याचे दोन पुन्हा पुन्हा पाहिले.

निरोगी कंडरा त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. धागे कसे नुकतेच विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेने जातात, आणि त्या धाग्यांना सारख्या अंतरावर बारीकशी लाट असते. ती लाट उगीच नसते. ताण पडला की आधी लाट सरळ होते, मग धागा ओढला जातो. म्हणून पाय आपटला तरी हिसका बसत नाही. धाग्यांच्या मधल्या पेशी सडपातळ, लांबट, रांगेत बसलेल्या. या मधल्या तुकड्यात लाट नव्हतीच. धाग्यांचं गुंतवळ झालं होतं, पेशी फुगून गोल झाल्या होत्या, त्यांची दाटी झाली होती आणि मधेमधे नव्या रक्तवाहिन्या घुसल्या होत्या. शरीर आतून ठिगळ लावत होतं. हे एका दुपारचं काम नव्हे, आठवड्यांचं. म्हणजे घोडी आधीपासून जायबंदी होती, आणि तरी तिला पळवलं होतं.

त्या काच घेऊन सरांकडे गेल्या. सरांनी पाहिलं आणि काच परत त्यांच्यापुढे सरकवली.

"तुम्ही टेक्निशियन आहात, बाई."

"म्हणून तर काप स्वच्छ आलाय."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासा नव्हता, सर. घोडी होती."

अहवाल गेला तो ‘कंडरा अचानक तुटली’ असाच, चार कापांचा. काकूंनी नोंदवहीत मात्र सहाच्या सहा कापांचे क्रमांक टाकले.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, "निवृत्तीला तीन वर्षं उरलीत तुझ्या."

"मग काय तीन वर्षं डोळे मिटून बसू? डोळ्यांचंच तर काम आहे माझं."

यावर ते म्हणाले, "चौकशीला जाताना जुना मायक्रोस्कोप नेणार असशील, तर मी उचलून देतो. तुझी कंबर धरते."

काकूंना चौकशीत बोलावलं होतं ते फक्त काचांवरचे क्रमांक बरोबर आहेत एवढं सांगायला. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी सहज विचारलं, "किती काप केले?"

"सहा. अहवालात चार आहेत."

"उरलेले अनावश्यक होते," सर घाईने म्हणाले.

"अनावश्यक असतील तर बघायला काय हरकत आहे?" काकूंनी मायक्रोस्कोप टेबलावर ठेवला. "निदान करायचा मला अधिकार नाही, मी करतही नाही. ही निरोगी कंडरा. ही त्या घोडीची. तुम्ही फक्त बघा."

अध्यक्षबाईंनी एक काच पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली लावायला सांगितली. मग डोकं वर करून त्या सरांना म्हणाल्या, "डॉक्टर, हा असला गुंता एका दिवसात होतो?"

सरांनी स्वतः काचेत पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नाही. तीन आठवडे तरी लागतात."

हात गळ्यात बांधलेला स्वार मागच्या बाकावर बसला होता. तो उठून उभा राहिला. "ती पाय जपत होती, हे मी दोनदा सांगितलं होतं. तबेल्यातले मला म्हणाले, तू भित्रा आहेस."

स्वाराला परवाना परत मिळाला. घोडीच्या मालकाच्या तबेल्याला एका हंगामाची बंदी झाली. काकूंच्या मते ती फारच थोडी होती, आणि तसं त्यांनी अध्यक्षबाईंना पत्राने कळवलंही. नवं यंत्र अर्थातच आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात काकूंची बदली बरण्यांच्या कोठारात झाल्याचं सरांनी तोंडी सांगितलं.

"जाते की," काकू म्हणाल्या. "हुकूम लेखी द्या, आणि त्यात कारण लिहा."

कारण लिहायला कोणाचा हात धजेना. सर वरच्या साहेबांकडे बोट दाखवत, साहेब सरांकडे. चार महिने झाले, कागद आलेला नाही. काकू रोज वेळेवर येतात, आपल्या स्टुलावर बसतात, पात्याची धार तपासतात आणि येईल त्या तुकड्याचे टोकापासून टोकापर्यंत काप काढतात.