तिसरं गाव

कोंडूला रडू येत नव्हतं, आणि त्याची काळजी त्याच्यापेक्षा गावालाच जास्त होती. त्याची बायको काशी वारली त्याला चार महिने झाले. दहाव्याला कावळा झटकन शिवला तेव्हा बाया म्हणाल्या, समाधानानं गेली, मागं काय राहिलं नाय. कोंडूनं मान हलवली आणि घरी येऊन पाण्याचा पंप बंद केलाय का ते बघितलं. तेव्हापासून असंच चाललं होतं. भूक लागली की खायचं, अंधार पडला की आडवं व्हायचं. बाकी आत काही हलत नव्हतं.

त्या दुपारी किन्हवलीची पूजा त्याची कॅसेट मागायला आली. ही पोरगी कल्याणला नोकरी करते आणि लोक सुट्टीत देवदर्शनाला जातात तशी माळ्यामाळ्यांवरचे जुने कॉम्प्युटरचे खेळ शोधत हिंडते. ते नष्ट व्हायच्या आत त्यांची नक्कल करून ठेवायची, हा तिच्या मंडळींचा नाद. कुठल्याशा बंद पडलेल्या मासिकात तिला दोन ओळी सापडल्या होत्या: 'धरण', डावपेचांचा खेळ, लेखक कोंडू वेखंडे, भातसानगर.

लेखक कसला, धरणावर रोज पाण्याची पातळी बघून वहीत लिहिणारा माणूस. सत्त्याऐंशी साली बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं आपला घरगुती कॉम्प्युटर त्याला देऊन टाकला. टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवर साठवायचा, असला तो. कोंडूनं पुस्तकात बघून बघून त्यावर खेळ रचला. धरण भरायचं आणि शहराला मे अखेरपर्यंत पाणी पुरवायचं. काठाला तीन गावं. पाणी १३० मीटरच्या वर चढवलं की तिसरं गाव बुडणार. नाही चढवलं तर शहर कोरडं पडणार, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटणार, 'तुमची बदली झाली.'

काशीला अक्षरओळख नव्हती. ती आत भाकऱ्या थापता थापता डाव सांगायची, हा बटणं दाबायचा. तिचं माहेर खऱ्या धरणात गेलेलं. खेळात ती तिसरं गाव कधीच बुडू द्यायची नाही, आणि दर वेळी हरायची.

"होऊ दे बदली," आतून म्हणायची, "दोघं जाऊ."

एकदाच तिनं धीर करून विचारलं होतं, "अवो, एक आकडा तं बदलायचाय. ऱ्हाऊ द्या की ते गाव."

"आकडा खोटा लिहू? मी?" कोंडू भडकला. तिनं पुन्हा विषय काढला नाही. आणि हा शहाणा चारचौघांत सांगत सुटला, आमच्या बाईला खेळ कळत नाय.

पूजानं आणलेल्या टेपमध्ये कॅसेट घातली. करकर आवाज घरभर झाला. कोंडूनं एकामागं एक तीनदा खेळ साठवलेला. पहिल्या दोन नकला बुरशीनं खाल्ल्या होत्या. तिसरी लॅपटॉपवर उठली.

"काका, चालू झाला!" पूजा टाळ्या वाजवायला लागली.

"बरं," कोंडू म्हणाला. त्याला काहीच वाटलं नाही. मग खेळाच्या ओळी बघता बघता त्यानं एकीवर बोट ठेवलं. "हितं एकशे तीस हाय, तिथं एकशे पन्नास कर. गाव बुडायचं नाय."

"नाय करता येत, काका. आमी जसा केलेला तसाच ठेवतो, चुकांसकट. तुमाला वेगळी नक्कल देते, तीत बदला."

तिनं नक्कल समोर ठेवली. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

"आधी एक डाव खेळतो," कोंडू म्हणाला.

काशीसारखं पाणी १३०वर थांबवून तो खेळला. फेब्रुवारीतच हरला. पुन्हा खेळला, पुन्हा फेब्रुवारी. मग ती काय सांगायची ते आठवत बसला. दिवाळीपासूनच शहराला थोडं कमी सोडा. दर महिन्याला अजून थोडं. होळीला जरा जास्त द्या, लोकं रंग खेळतात. तिच्या हिशेबानं तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पोचला. त्या पाण्यात याहून पुढं कुणालाच जाता आलं नसतं. तिला खेळ कोंडूपेक्षा जास्त कळला होता. हरणार हे ठाऊक असून ती रोज संध्याकाळी गाव वाचवत होती.

पडद्यावर अक्षरं आली, 'तुमची बदली झाली.'

"काका, आकडा बदलू आता?"

"नको. तिचा डाव हाय तो. ऱ्हाऊ दे."

असं म्हणून कोंडूनं जुन्या सवयीनं स्वयंपाकघराकडं मान वळवली आणि आतून उत्तर यायची वाट बघितली. भांडी जागच्या जागी होती. उत्तर आलं नाही. ते आता कधीच यायचं नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तो मोठ्यानं रडायला लागला, शेजारची रखमी हातातलं सूप टाकून धावत येईल एवढ्या मोठ्यानं.