समईची जागा

पाळकीणबाईंनी पदर खोचला आणि सात फांद्यांची पितळी समई दोन्ही हातांनी धरून चर्चमधल्या वेदीच्या उजव्या बाजूकडून ओढायला सुरुवात केली. फरशीवर कर्रकन आवाज झाला. बाई थबकल्या, दाराकडे पाहिलं. मंडळी यायला अजून अवकाश होता. समई अवजड आणि बाईंची कंबर कधीचीच कामातून गेलेली, तरी ढकलत ढकलत त्यांनी ती पार डावीकडच्या खिडकीखाली नेऊन उभी केली.

"देवा, मला माफ कर," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नाहीतर नको करूस. पण आज एवढं होऊ दे."

पाळकसाहेबांची नजर गेली होती. आधी अक्षरं गेली, मग चेहरे, आता दिवस आहे की रात्र एवढंच कळायचं. सकाळी बाई शास्त्रातला उतारा वाचून दाखवायच्या, साहेब पाठ करायचे आणि वेदीपाशी पुस्तक उघडून चक्क पानंसुद्धा उलटायचे! समईपर्यंतची पावलं पायांना पाठ, सात वाती हाताला पाठ. बाई डोळ्यांत तेल घालून सांभाळत होत्या, आणि ते निभावलंही असतं. पण मागच्या महिन्यात बाप्तिस्म्याच्या वेळी सुताराच्या बाळाचं डोकं दगडी कुंडावर आपटलं. दगड ओला होता, हात सटकला, असं म्हणून वेळ मारून नेली.

त्या दिवशी बाईंनी नवऱ्याचे पाय धरले होते.

"अहो, चर्चच्या पंचांना सांगून टाका. हे चर्चचं घर सोडावं लागलं तर सोडू."

"देवाने मला इथे उभं केलंय. तो काढेल तेव्हा उतरेन. तू तोंड उघडायचं नाहीस, ठेव शास्त्रावर हात."

बाईंनी हात ठेवला होता.

आज त्याच कुंडाशी त्यांची तान्ही नात यायची होती. इथली रीत अशी, की आधी समई पेटायची आणि मगच बाळ पाळकांच्या हातात जायचं. समईच सापडली नाही, तर चारचौघांत सगळं उघडं पडेल आणि बाळ वाचेल. शपथ तोंडाची होती, हातांची नव्हती.

मंडळी जमली. पाळकसाहेब लांब मेणबत्ती घेऊन उभे राहिले. आवाज अजून तसाच भरदार होता.

"तेल म्हणजे पवित्र आत्मा आणि वात म्हणजे आपण. वात स्वतःच्या जोरावर जळायला गेली, तर नुसती करपते. आणि ज्या मंडळीचं प्रेम आटतं, तिची समई प्रभू जागेवरून हलवतो. हे विसरू नका."

ते उजवीकडे वळले, नेमके तिथेच थांबले आणि मेणबत्ती हवेत धरली.

"ही पहिली."

बाईंनी डोळे मिटले. आता कळेल, आता कुणीतरी उठेल.

"आमेन," थोरले पंच म्हणाले.

"ही दुसरी."

"आमेन," आता बरेच जण म्हणाले.

बाईंनी मागे वळून पाहिलं. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सुताराची बायको बाळाचं डोकं तळव्याने झाकून आमेन म्हणत होती. सगळ्यांना ठाऊक होतं! सगळेच मूग गिळून बसले होते. सातव्या वातीपर्यंत आमेन वाढतच गेलं. साहेबांच्या बोटांवर मेण गळत होतं, पण हात हलला नाही.

"बाळ आणा," ते म्हणाले आणि जळती मेणबत्ती तशीच हातात ठेवून त्यांनी दोन्ही हात पसरले.

नातीला घेऊन सून उठली. तिने मेणबत्तीकडे पाहिलं, खिडकीखालच्या न पेटलेल्या समईकडे पाहिलं, आणि तिचे पाय अडले.

"जा ना पोरी," थोरले पंच हळूच म्हणाले. "घेतील ते सांभाळून."

सून एक पाऊल पुढे गेली.

"थांब!" बाई उठल्या. "त्यांना दिसत नाही."

या वेळी कुणी आमेन म्हणालं नाही. बाईंनी पुढे जाऊन मेणबत्ती फुंकली. साहेबांनी मान कलती केली. करपल्या वातीचा वास त्यांना आला असावा.

"अगं, समई पेटली आहे ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"समई जागेवर नाही."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"प्रभूने हलवली?"

हो म्हणणं किती सोपं होतं. साहेबांनी ते खरं मानलंही असतं, आणि घरी दोघं पूर्वीसारखीच एकमेकांशी बोलत राहिली असती.

"नाही. मी हलवली," बाई म्हणाल्या.

साहेबांनी हात पुढे केला. आपला हात धरतील असं बाईंना क्षणभर वाटलं. पण तो हात त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेला आणि जिथे समई असायची तिथे हवेत चाचपत राहिला. बाईंनी तो धरला नाही.