बत्तीस वजा सात

तिने बत्तिसाव्या काडीची सावली बंद केली आणि पुन्हा चालवून पाहिलं. पडद्यावरची काड्यांची जुडी थोडी सरकली, अडली, पुन्हा सरकली. सेकंदाला पंचवीस चित्रं दिसायला हवी होती. कोपऱ्यातला लाल आकडा सातवरून नवावर गेला आणि तिथेच बसला.

"बैलगाडीला पंख लावतेयस तू," शेजारच्या खुर्चीतून तिचा भागीदार म्हणाला. दोघांनी मिळून हे दोन खोल्यांचं अ‍ॅनिमेशनचं ऑफिस थाटलं होतं. त्याला सगळे तुफान म्हणत. हातातल्या पेनचं बटण तो सारखं टकटक दाबत असे. "उद्या दुपारी शाळेची माणसं येणार. त्यांना काय दाखवायचं, हा लाल आकडा?"

"पेन थांबव, मग सांगते."

फिल्म दुसरीच्या मुलांसाठी होती. बत्तिसातून सात वजा कसे करायचे, एवढाच विषय. दोन सुट्या काड्या, दहा-दहाच्या तीन जुड्या, त्यातल्या एका जुडीचं रबर निघतं आणि दहा काड्या मोकळ्या होतात. आवाज तिच्या बाबांचा होता. चौतीस वर्षं त्यांनी दुसरीलाच शिकवलं होतं. मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर घरात त्यांचं बोलणं 'हं' आणि 'बरं' यांवर आलं होतं. तुफानने सुरुवातीलाच विचारलं होतं, काकांना जमेल ना, नाहीतर दुसरा आवाज बघू. "ठणठणीत आहेत ते आता," ती म्हणाली होती.

बाबांनी खोलीचं दार लावून, आठ सकाळी बसून, फोनवर रेकॉर्डिंग केलं. त्या दिवसांपासून ते रोज दाढी करू लागले. तिने तो आवाज न ऐकताच थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि त्यानंतर तो ऐकला तो अडखळणाऱ्या चित्रांबरोबर, तुकड्यातुकड्यांनीच. आवाज ओढल्यासारखा का येतो, असं तुफानने दोनदा विचारलं. "मशीन अडतंय म्हणून," असं तिने दोन्ही वेळा सांगितलं. तिला ते खरंच वाटत होतं.

आज तिने पदर खोचला. चित्राचे न दिसणारे चौदा थर मागे पडून होते, ते काढून टाकले. बाहेरच्या डिस्कवरच्या फाइल मशीनच्या पोटात आणल्या. सॉफ्टवेअरने साठवून ठेवलेली जुनी चित्रं पुसली. प्रत्येक काडीला वेगळी सावली दिली होती, त्याऐवजी अख्ख्या जुडीला एकच दिली, आणि मागचं हलतं आभाळ एकदाच तयार करून साध्या व्हिडिओसारखं खाली अंथरलं.

मग तिने पहिल्यापासून चालवलं. आकडा हिरवा झाला. पंचवीस. काड्या पाण्यावरून आल्यासारख्या अलगद आल्या.

"बत्तीस काड्या आहेत," बाबांचा आवाज म्हणाला. "त्यातल्या सात द्यायच्या आहेत. सुट्या किती आहेत?"

आणि सगळं थांबलं.

"घ्या. परत अडकलं," तुफान म्हणाला.

तिने कोपऱ्यात पाहिलं. पंचवीस, हिरवा. खालच्या पट्टीवरची रेघ संथपणे पुढे सरकत होती. तिने आवाज वाढवला. बाबांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

पुढे आणखी बऱ्याच जागा तशाच आल्या. मग बाबा म्हणाले, "आता या जुडीचं..." आणि पुन्हा घड्याळ. टक, टक. ती मोजत राहिली. नऊ सेकंदांनी वाक्य पुरं झालं. "...रबर काढू."

पेनचं बटण केव्हाच थांबलं होतं.

"मी गाळतो त्या जागा," तुफान हळू आवाजात म्हणाला. "कुणाला पत्ता लागणार नाही. पावणेपाच मिनिटांची फिल्मही तीन मिनिटांत बसेल. त्यांनी तीनच मागितलीत."

तिने मानेनेच हो म्हटलं. नाहीतर उद्या दुसरा आवाज आला असता.

चार वाजता बाबा तिच्या लेकीला शाळेतून घेऊन ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. नात दुसरीत होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती सतत काहीतरी ओढून नेत असे. आज आजोबांची पिशवी तिच्याकडे होती.

गाळलेली फिल्म लावली. आवाज कसा झरझर चालला होता. बाबा पुढे वाकून ऐकत राहिले.

"हा मीच का?"

"तुम्हीच, बाबा."

"बराच सुधारलोय की." त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"काय गं मुंगे, कळलं?" तुफानने विचारलं.

"कळलं."

"मग बत्तिसातून सात गेले तर किती?"

"पस्तीस."

"वा. काड्या दिल्या आणि वाढल्या. असलं दुकान मलाही काढून दे."

"सातातून दोन काढले तिने," बाबा म्हणाले. "अर्ध्या वर्गाचं असंच होतं." एवढं सलग वाक्य तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

तिने मूळ फाइल उघडली.

"सुट्या किती आहेत?" पडद्यातून प्रश्न आला आणि शांतता पसरली. बाबांचा उजवा हात गुडघ्यावर होता. करंगळी मिटली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. तिला बाबांचा दुसरीचा वर्ग आठवला. ती स्वतः पहिल्या बाकावर बसायची. प्रश्न विचारून बाबा, म्हणजे वर्गातले गुरुजी, फळ्याकडे वळायचे, तेव्हा पाठीमागे धरलेल्या हाताची पाच बोटं एकेक करून मिटायची. तोवर ते कुणाचं उत्तर घेत नसत, की स्वतः बोलत नसत.

"दोन," मुंगी म्हणाली. मग गुडघ्यांवर उठून बसली. "पण पुरत नाहीत."

"पुरत नाहीत ना?" आवाज म्हणाला. मुंगीने चमकून आजोबांकडे पाहिलं.

"आता या जुडीचं..."

घड्याळ टकटकत राहिलं. या वेळी बाबांची बोटं हलली नाहीत. पंजा गुडघ्यावर उघडाच पडला होता आणि ते जमिनीकडे बघत होते.

"रबर," मुंगी पडद्याला म्हणाली. "आजोबा, रबर काढा ना."

"...रबर काढू."

काड्या सुटल्या. सात बाजूला गेल्या. शेवटचा प्रश्न यायच्या आतच मुंगीने पंचवीस सांगून टाकले आणि पिशवीतला पेरू काढला.



"बाकीच्या जागा माझ्या आहेत," बाबा म्हणाले. "जुडीजवळची तेवढी काप. तिथे... शब्द सापडत नव्हता."

तिने रेघ त्या जागेवर नेली. नऊ सेकंदांची सपाट पट्टी. एका बटणाचं काम होतं.

"तिथे तर मी सांगितलं," मुंगी भरल्या तोंडाने म्हणाली.

तिने तुफानकडे पाहिलं.

"पावणेपाच मिनिटं होतात," तो म्हणाला. "आणि ते विचारणार, मशीन अडकलं का."

"शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो," बाबा म्हणाले.

तुफान हसला, मग हसायचा थांबला. "लाव पुन्हा," तो म्हणाला. "शाळेच्या माणसांसारखं बघतो."

तिने पहिल्यापासून लावलं. कोपऱ्यात हिरवे पंचवीस. "आता या जुडीचं..." आणि जुडी तशीच उभी राहिली. मुंगीने या वेळी तोंडावर हात धरला होता. तिला उत्तर माहीत होतं, आणि ती दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत होती.

टेबलावर तुफानच्या डाव्या हाताची करंगळी मिटली. मग शेजारचं बोट. पाचही मिटून झाली तरी घड्याळ चालूच होतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि पुढचं मोजायला उजवा हात पुढे घेतला.