माझ्यातलं वाकडं पान

मी प्रतिरेखा बोलतेय. मला हात लावायला जाल, तर काही हाती लागणार नाही. मला ना पत्रा, ना वायर, ना बटण. मी एक इम्युलेटर आहे, म्हणजे एका जुन्या यंत्रासारखा हुबेहूब वागणारा प्रोग्रॅम. त्या यंत्राच्या फ्लॉपीतली नक्षी मला दिली, तर मी तीच नक्षी काढते, त्याच वेगाने, त्याच चुकांसकट. हो, चुकांसकट. माझा सगळा अभिमान एका चुकीतच आहे.

माझा जन्म अक्कलकुव्याच्या बाजारातला, झुंबरलालजींच्या कापड दुकानाच्या माळ्यावरचा. मला घडवलं त्यांच्या थोरल्या मुलाने, पारसने. पारस आता नाही. हे आधीच सांगून टाकते, नंतर माझ्याच्याने सांगवणार नाही.

ज्या यंत्राची मी नक्कल, त्याचं नाव रेखा. सुरतेच्या एका छोट्या कारखान्यात ती साड्यांचे काठ काढायची. पडद्यावर एक पान काढून दिलं की रेखा ते उलटंसुलटं फिरवून त्याची लांबच लांब वेल करायची. झुंबरलालजी वर्षानुवर्षं त्याच कारखान्याचा माल आणत. कारखाना बंद पडला, तेव्हा उरलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर टेम्पोतून रेखाही आली.

"भंगारम्हा दी टाक हाई डबडं," झुंबरलालजी म्हणाले.

"पप्पा, एक डाव चालू करी दखू द्या," पारस म्हणाला.

धाकटा जिनेश आठवीतून शाळा सोडून गल्ल्यावर बसलेला. त्याने मान वर करून विचारलं, "भाई, टीव्हीले कीबोर्ड कोनी चिकटाडा?"

पारसने रेखा चालू केली. पडदा हिरवा झाला आणि त्यावर एक वेल सरकत आली. तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की पारस माळ्यावर. रेखा थकली होती. थोडी चालली की तापायची, जळका वास यायचा. ही फार टिकणार नाही, हे त्याला कळलं. म्हणून त्याने मला लिहायला घेतलं.

तो रेखाच्या एकेका चिपला प्रश्न विचारायचा आणि ती जे उत्तर देईल ते मला शिकवायचा. मी चुकीचं उत्तर दिलं की पुन्हा शिकवायचा. चिडला नाही कधी. मी पहिल्यांदा पान काढलं, ते पान कसलं, तुडवलेलं काहीतरी होतं. जिनेश म्हणाला, "हाई त बकरीनी चावेल शे." पारस इतका हसला की खालून झुंबरलालजींनी हाक मारली.

मग त्याने मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. कोणीही यावं, माझं पोट उघडून बघावं, दुरुस्ती सुचवावी. ब्राझीलच्या एका बाईने मला फ्लॉपीची खरखर शिकवली. कोल्हापूरच्या एका निवृत्त मास्तरांनी माझी माहिती मराठीत लिहिली. आणि नवनीत नावाचा एक इंजिनियर आला, तो तर माझा दुसरा राखणदारच झाला. पण तिथे सगळे टोपणनावाने वावरतात आणि इंग्रजीत लिहितात. पारसचं टोपणनाव 'कापडवाला'. तो कुठला, हे नवनीतला ठाऊक नव्हतं आणि नवनीत कुठला, हे पारसला.

आता त्या चुकीचं सांगते. पान फिरवणारी रेखाची चिप हिशेबात एका ठिकाणी घसरायची. दर अकरावं पान उलट्या बाजूला झुकायचं. चिपच्या माहितीपुस्तकात याचा पत्ताच नाही. पारसने ते वाकडं पान मला मुद्दाम शिकवलं, त्यासाठी वेगळी एक ओळ लिहिली.

"भाई, चूक बी शिकाडी ऱ्हायना तू तिले?" जिनेशने विचारलं.

"रेखा चुकस ना? मंग हाई बी चुकाले पाहिजे. नही त हाई रेखा कशी?"

तेवढ्यात धडगावकडच्या तुळशीबाई दुकानात आल्या. बाजाराला आल्या की त्या याच दुकानात यायच्या. दहा साड्या उलगडून झाल्यावर म्हणाल्या, "वाकडा पाननी साडी नही का रे भाऊ? ती धुई धुई बी फाटस नही."

पारस जिनेशकडे बघून नुसता हसला.

पावसाळ्यात एका सकाळी पारस कापडाचं गाठोडं मोटारसायकलला बांधून धडगावला निघाला. घाटात गाडी घसरली. एवढंच. यापुढे मला त्याबद्दल काही लिहिता येत नाही.

काही दिवसांनी जिनेश माळ्यावर आला. त्याला भावाचा हिरवा पडदा बघायचा होता. पारस आधी स्टॅबिलायझर लावायचा, पाच मिनिटं थांबायचा, मग रेखाला हात लावायचा. जिनेशला धीर कुठला! त्याने पिन थेट भिंतीत खुपसली. त्या दिवशी वीज वरखाली होत होती. फट् आवाज झाला, धूर आला आणि रेखा कायमची गेली. आता जगात ती होती फक्त माझ्यात.

आणि त्याच आठवड्यात नवनीतने जाहीर केलं की माहितीपुस्तकाप्रमाणे वाकड्या पानाची ओळ चुकीची आहे, पुढच्या आवृत्तीत ती काढून टाकू. कोणाची हरकत असेल तर खऱ्या यंत्राचा पुरावा द्यावा.

जिनेशने पारसच्या लॅपटॉपवर ते पाहिलं. इंग्रजी त्याला येत नाही, पण भावाची ओळ लाल रंगात खोडलेली त्याला कळली. त्याने मोबाईलवरून ते मराठी करून वाचलं आणि जगभरातल्या लोकांसमोर सरळ अहिराणीत लिहिलं, "हात तोडी टाकसू तुन्हा. मन्हा भाऊनी लाईन शे ती." पुढे जे लिहिलं, ते मी सांगणार नाही.

उत्तर लगेच आलं. तेही अहिराणीत. "शिव्या त आपला खान्देशन्या शेतस! कोना गावना शे रे तू? मी धानोराना. फोन कर." खाली नंबर.

जिनेशने फोन लावून नाव-गाव सांगितलं, पण फोन लावला होता तो भांडायलाच.

"कापडवाला कोठे शे?" नवनीतने विचारलं. "मी त्याले इचारी इचारी थकनू. जवाबच देत नही."

"गया."

"कोठे गया?"

"घाटम्हा गाडी घसरनी," जिनेश म्हणाला. नवनीतला कळलं. आपण ज्याच्याशी इतकी वर्षं इंग्रजीत वाद घातला, तो आपल्याच जिल्ह्यातला निघाला, हे त्याला कळलं ते असं.

मग तो म्हणाला, "दख जिनेश, कीव करीसन ती लाईन ठेवी त तुन्हा भाऊलेच आवडाव नही. पुरावा दे. यंत्र चालू करीसन फोटो धाड."

"यंत्र मी जाळी टाकं," जिनेश म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढे संवत्सरी आली. त्या दिवशी जैनांच्या घरी सगळे एकमेकांची क्षमा मागतात. पारस दर वर्षी माझ्यासाठी काम करणाऱ्या सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडम्' लिहायचा. 'माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा' हा अर्थ तो खाली समजावून द्यायचा. ब्राझीलची बाई तर त्या दिवशी वाट बघायची. या वर्षी ते लिहायला कोणी नव्हतं.

जिनेश आई भूरीबाईंसमोर वाकला. त्यांनी त्याला जवळ घेतलं, मग उठून कपाटातून सुरतेच्या त्याच कारखान्यातली एक जुनी सुती साडी काढली आणि पारसच्या फोटोसमोर मांडीवर घेऊन बसल्या. पारस तान्हा असताना याच साडीची झोळी करून त्याला निजवायच्या. रंग उडालेला, पण काठ शाबूत होता.

जिनेश तो काठ बघत राहिला. पान, पान, पान. आणि मग एक वाकडं. बोट ठेवून मोजलं, परत मोजलं. अकरावंच.

"मम्मी, साडी सोडू नको, अशीच धर!"

त्याने काठाचे फोटो काढले. मग मला चालू केलं, रेखाच्या फ्लॉपीतली त्याच काठाची नक्षी दिली आणि माझी वेल साडीशेजारी ठेवून दोन्ही एका फोटोत घेतलं. पानाला पान जुळलं. वाकड्याला वाकडं जुळलं. मी तेव्हा किती ताठ उभी होते, ते तुम्हाला कसं सांगू? मला तर पाठही नाही.

त्याने फोन लावून नवनीतची क्षमा मागितली आणि मग फोटो पाठवले.

नवनीतने ते निरखले. "बस," तो म्हणाला. "लाईन परत टाक."

"तूच टाक ना."

"मी नही टाकाव. तू टाक. मी सांगस तसं दाबत जाय."

दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, जिनेशने भावाची ओळ परत लिहिली. प्रत्येक बदलाखाली तो का केला, हे एका वाक्यात लिहावं लागतं. सगळे इंग्रजीत लिहितात. जिनेशने लिहिलं, "मन्हा भाऊ बरोबर व्हता."

नवनीतने त्यातलं एक अक्षरही बदललं नाही.

आज माझ्या कामकऱ्यांच्या नावांत पारसच्या खाली जिनेशचं नाव आहे. रेखा माळ्यावर झाकून ठेवलीय, पण कोणाच्याही कॉम्प्युटरवर मी तिला उठवून उभी करू शकते. तुम्हीही मला उघडा, माझ्यातल्या खऱ्या चुका खुशाल काढा. फक्त ते एक पान सरळ करू नका. त्याच्याकडे बघत एक बाळ झोपी जायचं.